माइकवर घोड्याचं नाव घ्या

गेल्या माघात बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी तालुक्यात एका जत्रेत जोड घोड्यांच्या गाड्यांचं मैदान, म्हणजे शर्यत, बघायला गेलो होतो. गाड्या सुटायच्या आधी निवेदक माइकवरून यादी वाचत होता, एकदा मराठीत आणि लगेच कन्नडमध्ये. आधी ग्रामदेवतेचं नाव, मग गाडीमालकाचं, त्याच्या गावाचं, मग ढाल देणाऱ्याचं, रोख बक्षीस देणाऱ्याचं, मंडप घालून देणाऱ्याचं. तेरा गाड्या होत्या, म्हणजे सव्वीस घोडी. त्यांतल्या एकाचंही नाव यादीत नव्हतं. माझ्या शेजारी फेटा बांधलेले एक आजोबा उभे होते. त्यांना राहवलं नाही. तोंडापाशी हात धरून ते ओरडले, "घोड्याचं नाव सांग की गा!"

समोरच्या गाडीवानानं लगाम न सोडता उत्तर दिलं, "गाळी!"

आमच्या बाजूला मराठी माणसं जास्त होती. क्षणभर कुणाला कळेना, नाव सांगितलं की शिवी दिली. मग कन्नड बाजूनं कुणीतरी खुलासा केला की गाळी म्हणजे वारा. आम्हाला शिव्यागाळीतली गाळी ठाऊक, त्यांना वाऱ्याची. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघून अशी हसली की सुटायची वेळ झालेली गाडी दोन मिनिटं थांबवावी लागली. त्याच्या जोडीच्या पांढऱ्या घोड्याचं नाव निघालं हत्ती. अंगानं सडपातळ, बरगड्या मोजता येतील असं जनावर, आणि नाव हत्ती! पुन्हा हशा. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. पांढराशुभ्र म्हणून ठेवलेलं नाव. हत्तीला ते आने म्हणतात.

त्या दिवशी पहिली कोणती गाडी आली, हे मला आज आठवत नाही. गाळी आणि हत्ती मात्र डोक्यातून गेलेले नाहीत. आणि तेव्हापासून एकच गोष्ट मनात घर करून आहे. आपल्या मैदानांत धावणाऱ्या प्रत्येक जनावराचं नाव माइकवर घेतलं गेलं पाहिजे, ते वहीत लिहिलं गेलं पाहिजे, आणि जनावर विकलं गेलं तरी नाव त्याच्याबरोबर गेलं पाहिजे.

नावं ठेवण्यात आपण कधी कमी नव्हतो. जुनी माणसं रंगावरून नाव काढायची. ठिपक्यांचा तो अबलख, काळा तो मुश्की, चारी पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. गळ्यावर देवमण असेल तर त्या भोवऱ्यावरून नाव. बैलांत ढवळ्या-पवळ्या, सर्जा-राजा, हरण्या, पाखऱ्या. ही नावं एका गावात पाच-पाच गोठ्यांत असायची आणि त्यानं काही बिघडत नव्हतं, कारण बैल गावाबाहेर फारसा जात नसे. आता शर्यतीचा बैल टेम्पोत बसून तीन जिल्ह्यांत फिरतो. त्याला वेगळं ओळखू यावं असं नाव लागतं, आणि तिथं या पिढीच्या पोरांनी कमाल केली आहे. कृष्णाकाठच्या मैदानांत नाव काढलेल्या बैलांत एकाचं नाव हेलिकॉप्टर बैज्या आहे, दुसऱ्याचं ब्रेकफेल. ब्रेकफेल! जो बैल एकदा सुटला की थांबत नाही, त्याचं वर्णन एवढ्या नेमक्या दोन शब्दांत कुठल्या पंडितानं केलं असतं? घाटात उतरताना हाच शब्द ऐकला की अंगावर काटा येतो, आणि मैदानात तोच शब्द ऐकून माणसं टाळ्या वाजवतात. बकासुर नावाचा बैल तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. महाभारतातला बकासुर गाडाभर भात खायचा आणि वर गाडा ओढून आणणारी जनावरंही खायचा. त्याचंच नाव गाडा ओढणाऱ्याला देणाऱ्या माणसाला गोष्ट पक्की ठाऊक असणार. समोरच्या जोडीला मी खाऊन टाकीन, असं तो बैल नावातूनच सांगतो.

हे लोकवाङ्मय आहे असं मी मानतो. उखाणा आणि म्हण यांच्या पंगतीत याला बसवायला हवं. पण उखाणे आणि म्हणी कुणीतरी गोळा केल्या, छापल्या. शर्यतीच्या जनावरांची नावं धुरळ्याबरोबर उडून जातात. चाळीस वर्षांपूर्वी रायबाग-अथणी भागात कोणकोणत्या नावाची घोडी गाजली, हे आज सांगणारी म्हातारी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत.

शहरातल्या टर्फवर, म्हणजे रेसकोर्सवर, हे असं होत नाही. तिथला जुगार मला आपल्याकडे नको आहे, ती श्रीमंती बडेजावही नको. त्यांची वही मात्र शिकण्यासारखी आहे. भारतातल्या जातिवंत शर्यती घोड्यांची वंशनोंद, म्हणजे स्टड बुक, पुण्यात ठेवली जाते. शिंगरू जन्मलं की आई-बापांसह नोंद, मग नाव, आणि ते नाव आयुष्यभराचं. जगभर साधारण एकच रीत आहे. नाव अठरा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे; रोमन लिपीतली अक्षरं, मधली मोकळी जागासुद्धा मोजायची. फार मोठ्या शर्यती जिंकलेल्या घोड्याचं नाव पुन्हा कुणाला देत नाहीत. त्यासाठी राखीव नावांची आंतरराष्ट्रीय यादीच आहे. अमेरिकेत जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्या माणसाची लेखी परवानगी लागते. अचकट-विचकट, कुणाचा अपमान करणारं नाव नाकारतात.

एवढे नियम असूनही हसू काही कमी झालेलं नाही, उलट नियमांच्या कुंपणात ते जास्त फुललं आहे. अठराव्या शतकातली इंग्लंडमधली गोष्ट सांगतात. मालकानं तबेल्यातल्या पोराला सांगितलं, या शिंगराचं नाव पोटॅटोज, म्हणजे बटाटे, असं दाण्याच्या पेटीवर लिही. पोराला स्पेलिंग येईना. त्यानं 'पॉट' लिहून पुढं आठ वेळा 'ओ' काढला. पॉट-एट-ओज! मालकाला ते एवढं आवडलं की तेच नाव कायम झालं. हे शिंगरू १७७३ सालचं. त्याचा बाप एक्लिप्स, १७६४ मध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून ग्रहणाचंच नाव मिळालेला, आणि अठरा शर्यतींत एकदाही न हरलेला. आज जगात धावणाऱ्या बहुतेक जातिवंत घोड्यांची बापाकडची वंशावळ या एक्लिप्सपर्यंत जाते. अडीचशे वर्षांपूर्वी एका कमी शिकलेल्या पोरानं काढलेले आठ 'ओ' आज आपल्यापर्यंत पोचले, ते वहीत लिहिले गेले म्हणून. आपल्याकडच्या किती पोरांनी किती भन्नाट नावं ठेवली असतील!

आई-बापांच्या नावांतून पोराचं नाव काढायची त्यांची हातोटीही बघण्यासारखी आहे. अमेरिकेतला सीबिस्किट हा गाजलेला घोडा. त्याच्या बापाचं नाव हार्ड टॅक, म्हणजे जहाजावरच्या खलाशांची कडक, सुकी बिस्किटं. म्हणून मुलगा समुद्री बिस्किट. १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा इंग्लंडची ग्रँड नॅशनल जिंकणारा रेड रम. आई मॅरेड, बाप क्वोरम, दोघांच्या नावांची शेवटची तीन-तीन अक्षरं जोडली. ही अक्षरं इंग्रजीत उलटी वाचली की 'खून' असा शब्द होतो, हे निराळंच.

आणि २०१० सालची न्यू जर्सीतली मॉनमाउथ पार्कची ती शर्यत. एका घोड्याच्या नावाचा अर्थ 'माझ्या बायकोला सगळं माहीत आहे', दुसऱ्याच्या नावाचा 'बायकोला ठाऊक नाही'. दोघं शेवटच्या टप्प्यात पुढं आले आणि समालोचकाला दोन्ही नावं पुन्हापुन्हा, वाढत्या आवाजात घ्यावी लागली. बायकोला माहीत आहे, बायकोला ठाऊक नाही, बायकोला माहीत आहे! अखेर माहीत असणारी जिंकली, ठाऊक नसणारी दुसरी आली. हा किस्सा मी निपाणीत चहाच्या गाड्यावर सांगितला तेव्हा एक म्हणाला, "हे आपल्याकडं झालं असतं तर जत्रा तीन दिवस जास्त चालली असती." ते खरं आहे. पण आपल्याकडं हे घडू शकत नाही, कारण आपला निवेदक घोड्यांची नावं घेतच नाही. अमुक अण्णांची गाडी पुढं, तमुक मामांची गाडी मागं, एवढंच तो सांगतो. अण्णा आणि मामा तर मंडपात खुर्चीवर बसलेले असतात.

हसण्यापलीकडची एक गोष्ट सांगतो. आमच्या घरी चिमणी नावाची घोडी होती. लाल रंगाची, कपाळावर चांदणी, गळ्यावर देवमण. काकांनी तिला लहानपणापासून वाढवलं, एका घोड्याच्या गाडीला जुंपायला शिकवलं. डांबरी रस्त्यावरच्या एका शर्यतीत तिचा पुढचा डावा पाय दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, ही आता पळवायची नाही. पैशाची नड होती म्हणून काकांनी तिला विकली, पण घेणाऱ्याला पाय दाखवून, हळू कामासाठीच वापरायची असं कबूल करून घेऊन. दोन वर्षांनी दुसऱ्या तालुक्यातल्या मैदानात काका गेले असताना एक लाल घोडी गाडीला जुंपलेली दिसली. चांदणीवर कुंकवाचा मळवट भरलेला होता. नाव विचारलं तर भलतंच काहीतरी सांगितलं. काकांनी जवळ जाऊन हळूच "चिमणे" म्हटलं. तिनं दोन्ही कान टवकारले आणि मान वळवली.

मधल्या काळात ती तीनदा विकली गेली होती, तीनदा तिचं नाव बदललं होतं, आणि प्रत्येक नावाबरोबर दुखऱ्या पायाची गोष्ट मागं राहून गेली होती. ज्याच्याकडे ती होती त्या बिचाऱ्यालाही काही ठाऊक नव्हतं. काकांनी त्याला सांगितलं, त्यानं ऐकलं, आणि त्या दिवशी तिला सोडवलं. काका घरी आले ते रात्री न जेवता झोपले. चिमणी हे नाव कुठल्याही वहीत असतं तर ती त्या मैदानात उभीच राहिली नसती.

म्हणून नावाची नोंद हा मला हौसेचा विषय वाटत नाही. बैलांच्या शर्यतींवर ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. पुढं २०१७ मध्ये कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं आपापले कायदे दुरुस्त केले आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ते मान्य केले. बंदीच्या काळात आमच्या भागातल्या माणसांनी किती हळहळ केली ते मी पाहिलं आहे. शर्यत परत आली ती काही अटींवर आली: जनावराचे हाल होणार नाहीत, हा शब्द आपण दिला. तो शब्द पाळायचा तर जनावर कोणतं, ते ओळखू आलं पाहिजे. बैलाच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे असतात. सरकारला तो आकडा पुरतो. पण मैदानातल्या हजार माणसांपैकी बारा आकडे कुणाच्या लक्षात राहणार? नाव राहतं. "हा ब्रेकफेल गेल्या आठवड्यात लंगडत होता की" असं म्हणणारा गर्दीत कुणीतरी निघतोच. आणि आमच्या घोड्यांच्या कानात तर बिल्लाही नाही. हे दुरुस्त झालेले कायदे बैल आणि रेडे यांच्याबद्दलचे आहेत; गाडीच्या घोड्याची काळजी आपणच घ्यायला हवी.

आता सीमाभागाचं. आमच्याकडं नाव हा शब्दच जपून उच्चारावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा भाग एका राज्यात आणि आमची भाषा दुसऱ्या राज्यात. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. आम्ही घरात बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू. दुकानाच्या पाटीवर कन्नड ६० टक्के हवं, असा कायदा झाला आहे. पाटीवरच्या अक्षरांवरून तुटलेल्या काचा आणि दुरावलेले शेजारी मी पाहिले आहेत. मराठीच्या हक्काचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी इतरत्र बोलतो, पुढंही बोलेन. पण या सगळ्यात जनावराचं नाव अजून कुणी ओढून नेलेलं नाही. मराठी माणसाच्या दावणीला मिंचू आहे, म्हणजे वीज. कन्नड माणसाच्या घोडीचं नाव राणी आहे. चिंचलीच्या मायाक्का देवीच्या जत्रेला पंचगंगा-कृष्णाकाठच्या बैलगाड्या येतात तेव्हा वाटेतल्या गावात प्रश्न विचारला जातो, "हेसरेन री?", म्हणजे नाव काय हो, आणि उत्तर मराठीत मिळतं, तरी दोघांचं काम होतं. कर्नाटकी बेंदराला, बैलांच्या सणाला, कर म्हणजे आडवी बांधलेली दोरी तोडायला बैल सुटतात तेव्हा बघणाऱ्यांत भाषेची रांग नसते.

ही मोकळीक टिकवायची तर आपणच थोडं सावध राहिलं पाहिजे. काही ठिकाणी पुढाऱ्यांची नावं जनावरांना द्यायची टूम दिसते. मला ती मान्य नाही. आवडत्या पुढाऱ्याचं नाव दिलं तर घोडा हरल्यावर मारामारी, नावडत्याचं दिलं तर सुटायच्या आधीच. जिवंत माणसाच्या नावाला त्याची लेखी परवानगी, हा टर्फचा नियम आपण जसाच्या तसा उचलावा. जातीवरून, बाईमाणसावरून, शेजारच्या भाषेवरून टोचणारं नाव यात्रा कमिटीनं घेऊ नये. देवाचं नावही मी टाळीन. चाबूक कुणी चोरून उगारलाच तर तो कोणत्या नावावर पडतो, याचा विचार व्हायला हवा. बाकी मोकळं रान. ज्या नावाला मराठी आणि कन्नड दोन्ही बाजू हसतात आणि कुणालाच खाली बघावं लागत नाही, ते सगळ्यात चांगलं. गाळी हे तसं नाव आहे. शब्दकोश घेऊन बसलं तरी असं नाव सापडायचं नाही. दोन भाषा एका बांधावर नांदतात तिथंच ते उगवतं.

हे बोललो की दोन आक्षेप येतात. पहिला शेतकऱ्याचा: आणखी एक कागद कशाला? परवान्यासाठी आधीच हेलपाटे आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून मी सरकारी नोंद मागत नाही. गावच्या यात्रा कमिटीकडं एक वही असावी. चिठ्ठ्या काढायच्या वेळी मालकाचं नाव लिहितोच, त्याच ओळीत जनावराचं नाव, रंग, खुणा, वय, आणि कुणाकडून घेतलं ते. पाच मिनिटांचं काम आहे. शेजारच्या दहा गावांच्या कमिट्यांनी मोबाइलवर त्या पानांचे फोटो एकमेकांना पाठवले तरी चिमणीसारखी घोडी नाव बदलून उभी राहणार नाही.

दुसरा आक्षेप प्राणिप्रेमी माणसांचा, आणि तो जास्त जड आहे. मुळात शर्यतच नको, मग नावाचं कौतुक कसलं? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः डांबरी रस्त्यावरच्या घोड्यांच्या शर्यतींबद्दल. खूर आणि सांधे त्या रस्त्यावर खराब होतात. आमच्या घरानं ते भोगलं आहे. त्या शर्यती बंद व्हाव्यात, मऊ मातीच्या मैदानातच घोडी पळावीत, असं मी जाहीरपणे म्हणतो. पण मातीतली शर्यत जाणार नाही, ती रक्तात आहे. आणि जोवर ती आहे तोवर नाव नसलेल्या घोड्यापेक्षा नाव असलेल्या घोड्याचे हाल करणं अवघड असतं. 'लाल घोडी' मेली तर कुणी विचारत नाही. चिमणी कुठं गेली, हे आमच्या गल्लीतली पोरं सहा महिने विचारत होती.

यंदाच्या जत्रेसाठी आमच्या गावच्या कमिटीपुढं मी ही वही ठेवली आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर एक रकाना मराठीचा, एक कन्नडचा आणि तिसरा नावाच्या अर्थाचा. अर्थाचा रकाना मी हट्टानं ठेवला आहे. निवेदकानं नाव घ्यायचं आणि दुसऱ्या भाषेतला अर्थही सांगायचा, म्हणजे हसू एकाच बाजूला अडकणार नाही. कमिटीतल्या थोरल्या माणसांनी हो म्हटलं आहे. खर्च कुणी करायचा आणि वही कुणाच्या घरी राहायची, एवढं अजून ठरायचं आहे. शाळेतल्या बाईंच्या ताब्यात असावी असं मी सुचवलं, कारण त्यांचं अक्षर दोन्ही लिप्यांत चांगलं आहे. गाळीच्या मालकाला निरोप गेला आहे. तो म्हणाला, लिहा, पण शेजारी कंसात वारा असंही लिहा, नाहीतर पुन्हा गाडी थांबवाल.